बुधाने नाव लोटली होती

वामनमामा गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. कार्डाच्या माथ्यावर ‘अशुभ’ असं लिहिलेलं, आणि खाली धुळ्याच्या छापखान्यात टाइप जुळवणारे जुने जुळारी करीमचाचा यांच्या अक्षरात दोनच ओळी. नाना (मामांना तिथं नाना म्हणत) गेले, सगळं आटोपलं, तू घाईनं निघू नकोस. मी तेव्हा जळगावच्या आमच्या कचेरीत पत्रकांच्या गठ्ठ्यांना सुतळी बांधत होते. अशी कार्डं घरात ठेवायची नसतात, वाचून फाडायची असतात, म्हणून मी ते फाडलं आणि उरलेले गठ्ठे बांधून पुरे केले. रडूबिडू आलं नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत दोन साप्ताहिकांनी मामांवर मजकूर छापला. दोन्हींत ते खान्देशचे लाडके, निगर्वी, मुलांत मूल होणारे वगैरे आहेत, आणि दोन्हींत जवळजवळ सारखंच एक वाक्य आहे: ‘निद्रानगरी’च्या आठव्या भागात मुद्रणदोषाने शिरलेली बुधाविषयीची विसंगती ग्रंथकर्त्याने स्वतः तत्परतेने दुरुस्त केली. हे साफ खोटं आहे, आणि ते माझं आहे. ज्यांना गोड आठवणी हव्या असतील त्यांनी ती साप्ताहिकं वाचावीत.

ज्यांनी मामांची ‘निद्रानगरी’ ही भागाभागानं निघालेली गोष्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका मांत्रिकाच्या शापानं सगळं शहर झोपलेलं असतं, राजापासून तेल्याच्या बैलापर्यंत, आणि ते जागं करायला जयकेतु नावाचा राजपुत्र निघतो. शहर जमिनीखालच्या नदीपलीकडे. त्या नदीवर नाव चालवणारा बुधा. पहिल्या भागात तो जेमतेम दोन पानं येतो, पण लोकांनी राजपुत्राला बाजूला सारलं आणि बुधाला धरलं. राजपुत्र बोले छापील, बुधा बोले आपल्यासारखा. मांत्रिकाचे शिपाई त्याला दरडावतात, की नावेत कोण बसलंय, कोणत्या जातीचं, ते सांग. तेव्हा तो वल्हं न थांबवता म्हणतो, “पानी कोनले जात इचारस नही, मी कसाले इचारू?” धुळ्याच्या बाजारात भाजीवाल्या बाया हे वाक्य गिऱ्हाइकाला ऐकवत. त्यापुढं छापखान्याच्या मालकांनी फर्मानच काढलं, की बुधा नसेल तर भाग छापायचा नाही.

मामा त्या छापखान्यात प्रुफं तपासत, आणि छापखान्याच्या मागच्या खोलीत राहत. लग्न केलं नाही. ‘निद्रानगरी’ची हस्तलिखितं कुठं आहेत असं मला परवा एका अभ्यासू गृहस्थांनी विचारलं. हस्तलिखितं नव्हतीच! मामा करीमचाचांच्या टाइपांच्या खणांशेजारी स्टुलावर बसून वाक्य सांगत आणि चाचा ते थेट शिशाच्या खिळ्यांत जुळवत. छापखान्यात खिळे इतके थोडे, की आठ पानं जुळली की ती छापायची, खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे आणि त्याच खिळ्यांची पुढची आठ पानं करायची. मागं वळून बघायला काही उरायचं नाही. छापून आलेली प्रत मामा पहिल्या मागणाऱ्याला देऊन टाकत. मग व्हायचं तेच झालं. दुसऱ्या भागात बुधाचा डावा डोळा गिधाडानं नेला, पाचव्यात उजवा गेलेला निघाला. तिसऱ्यात त्याला सख्खा भाऊ होता, सहाव्यात तो म्हणाला, मी एकुलता. एका भागात वाघाच्या जबड्यात हात घालणारा बुधा दुसऱ्यात घुबड ओरडलं म्हणून नावेखाली दडला. जामनेरच्या एका मास्तरांचं पत्र आलं होतं: ‘दोन्ही डोळे गेले असल्यास बुधा नाव कोणाच्या अंदाजाने चालवितो, याचा खुलासा व्हावा.’ मामा ते पत्र वाचून इतके हसले, की चाचांना खिळ्यांची ओळ हातातून खाली ठेवावी लागली.

“नाना, हसता काय? शुद्धिपत्र घाला,” चाचा म्हणाले.

“घालू की! कोणता डोळा ठेवायचा तेवढं तुम्ही ठरवा. तुम्ही त्याला रोज हातानं जुळवता.”

आणि पुढच्या भागात शुद्धिपत्राची पट्टी आली. ‘उजवा’ याऐवजी ‘डावा’ वाचावे. अशा पट्ट्या त्यांनी किती छापल्या असतील! चूक दाखवणाऱ्यावर ते कधी चिडले नाहीत. मी मात्र चिडायची. मी बेचाळीसच्या धामधुमीतली मुलगी. आम्हाला पत्रक लिहायला शिकवलं होतं, आणि पत्रकात माणूस पहिल्या ओळीला जसा असतो तसाच शेवटच्या ओळीला असावा लागतो. मामांना मी म्हणायची, “तुमचा बुधा वाऱ्यावरची वरात आहे.” ते म्हणत, “इंदू, तो काय माझ्या ताब्यातला आहे?” मला ते लेखकांचं नेहमीचं लाडिक बोलणं वाटे.

पण बुधाचं ते पाण्याचं वाक्य माझ्या कामाचं होतं. जळगावच्या जिनात, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, दुपारच्या सुट्टीत ‘निद्रानगरी’ मोठ्यानं वाचली जाई. कापसाचे तंतू अंगावर घेऊन बसलेली माणसं, बायका, आणि मधे वाचणारी मी. तिथंच मला सुचलं. बोदवडजवळच्या एका गावात सार्वजनिक विहीर महारवाड्याला खुली करायची आमची खटपट चालली होती. मी पत्रकावर सर्वांत वर ठळक खिळ्यांत बुधाचं वाक्य घातलं. परिणाम असा, की सभेला जी माणसं कधी यायची नाहीत ती आली, आणि गावातल्या चार कर्त्या म्हाताऱ्यांनी ‘बघू’ म्हटलं. खेड्यातला ‘बघू’ काय किमतीचा असतो हे ज्यांनी असली कामं केली त्यांना सांगायला नको. दिवस ठरला. महारवाड्यातल्या बायकांनी घागरी घासून ठेवल्या.

त्याच आठवड्यात आठवा भाग निघाला. मी तो वाचलाही नव्हता. विहिरीपाशी आम्ही जमलो तेव्हा गावचे एक बुजुर्ग धोतराच्या सोग्यातून पुस्तक काढून म्हणाले, “ताई, तुम्ही वाचता छान. आज आम्हाला वाचून दाखवा.” पान त्यांनीच काढून दिलं. मी आपली वाचत गेले. नदीला पूर आहे. काठावर एक माणूस आजारी बायकोला पाठीवर घेऊन उभा आहे, तिच्या कुशीत अंगावरचं पोर. नावेत जागा आहे. बुधा त्याला विचारतो, “कोन लोकं तुमी?” माणूस सांगतो. बुधा बांबूनं काठाला रेटा देतो आणि नाव लोटतो. जाता जाता स्वतःच्या अंगावरची घोंगडी काठावर फेकतो… बस, पुढं राजपुत्राची लढाई सुरू.

“काय हो ताई,” ते बुजुर्ग म्हणाले, “तुमचा बुधाच विचारायला लागला की! मग आम्ही विचारलं तर कुठं पाप झालं?”

असा हशा पिकला, की ज्यांनी ‘बघू’ म्हटलं होतं तेही हसले. दगड पडले असते तर आम्ही टिकलो असतो. हशापुढं कोण टिकतं? बायका रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या. ती विहीर महारवाड्याला आजतागायत बंद आहे.

मी तशीच धुळ्याला गेले. मामा प्रुफांवर वाकलेले होते. मी आल्या आल्या पुस्तक त्यांच्यापुढं आपटलं आणि म्हटलं, ही कसली चूक? हा बुधा नाही. तो बोलतोसुद्धा वेगळं, इकडच्या बोलीत नाही, माझ्या आजोळच्या, तापीकाठच्या बोलीत बोलतो! करीमचाचा खणांपाशी खिळे सोडवत राहिले. मामांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, “ही चूक नाही.” मी म्हटलं, डोळ्यांसाठी शुद्धिपत्रं काढता, मग एका विहिरीसाठी एक काढा. ‘लोटली’ याऐवजी ‘थांबविली’ वाचावे, एवढंच. ते म्हणाले, “डोळा मी विसरलो होतो. हे विसरलो नव्हतो. याला शुद्धिपत्र नाही, इंदू.” मी त्यांना काय काय बोलले! भेकड म्हटलं, मालकाचा पोपट म्हटलं, विकले गेलात म्हटलं. त्यांनी एवढंच विचारलं, “जिनात वाचलास का हा भाग?” मी म्हटलं, “वाचणारही नाही!” आणि निघाले. जिनात मग तो दुसऱ्या कुणीतरी वाचला.

आता माझी करणी. बेचाळीसात आम्ही बिननावाची पत्रकं छापली, दुसऱ्याच्या नावानंही छापली. कामासाठी कुणाचंही नाव वापरायला हरकत नाही ही सवय तिथली. जळगावात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका लहानशा छापखान्यात मी पट्टी छापून घेतली. ‘शुद्धिपत्र. भाग आठवा, पृष्ठ ११. बुधाने नाव लोटली याऐवजी बुधाने नाव थांबविली व तिघांस पार नेले असे वाचावे. मुद्रणदोषाबद्दल क्षमस्व. — ग्रंथकर्ता.’ जिनात वाटली, बाजारात वाटली, बोदवडला पाठवली. लोकांना ती हवीच होती. त्यांनी घरोघरी खळ लावून पानावर चिकटवली. धुळ्याच्या मालकांच्या हाती एक गेली तेव्हा त्यांना हायसं वाटलं. त्यांनी तशाच आणखी छापून उरलेल्या सगळ्या प्रतींवर डकवल्या. मामांना विचारलं तर ते म्हणाले, “चिकटवा.” हे मला चाचांनी पुढं सांगितलं. मी मात्र तेव्हा जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

जिनात सुपडू नावाचा एक हमाल होता, चाळिशीच्या आतबाहेरचा, एदलाबादच्या बाजूचा, फारसा न बोलणारा. पट्ट्या वाटत असताना तो माझ्याजवळ आला. “ताई, ते आठव्या भागातलं खरं आहे. माह्या बापानं मले अस्संच सांगेल आहे. घोंगडीसुद्धा. ते घोंगडी अजून आमच्या घरी आहे.” माझ्या डोक्यात विहीर होती. मला वाटलं, हा कसलं तरी जुनं घोंगडं सांगतोय. मी त्याच्या हातात पट्टी दिली. वाचता येत नव्हतं म्हणून वाचूनही दाखवली. त्यानं विचारलं, “म्हंजे नाव थांबली होती?” मी म्हटलं, “हो, छापणाऱ्याची चूक.” त्यानं पट्टीची घडी करून टोपीत ठेवली आणि तो गेला.

नववा भाग निघाला नाही. मालकांनी मागणी केली, वाचकांनी पत्रं पाठवली, मामा प्रुफं तपासत राहिले. माझं त्यांच्याकडं जाणं बंद होतं. पुढं दम्यानं त्यांना धरलं, तेव्हा चाचांचा निरोप आला आणि मी गेले. दुपारची वेळ होती, पलीकडं यंत्राचा खडखडाट चाललेला. मामांनी कसलीही प्रस्तावना केली नाही. म्हणाले, आमचं घर नावेवरचं, हे तुला माहीत आहे. तुझे आजोबा तापानं पडले होते म्हणून तापीवरची नाव त्या दिवशी माझ्या हातात होती. वीस-एकवीसचा होतो. नावेत चार बडे लोक लग्नाला निघालेले, काठावर तो माणूस, पाठीवर बाई. नावेतल्यांनी सांगितलं, यांना घेणार असशील तर आम्ही उतरतो.

“उतरले असते तर काय झालं असतं?” मामा म्हणाले. “काही नाही. खेप बुडाली असती. आणि त्याची जात मला ठाऊक होती, इंदू. तो आमच्याच पलीकडच्या गावचा. तरी मी विचारलं.”

मी घोंगडीचं विचारलं. ते म्हणाले, “फेकली खरी. का फेकली ते मला अजून कळलेलं नाही.” परतीच्या खेपेला काठावर कोणी नव्हतं. दोन दिवसांनी समजलं, बाई त्याच संध्याकाळी गेली. मग मामांनी बोदवडला येऊन गाडी धरली ती पुन्हा नदीकडं गेले नाहीत. “सात भाग मी बुधाला चांगला केला. वाटलं होतं, लिहून लिहून होईल तसा. मधेच पळायचा, दडायचा… सात भाग त्यानं टाळाटाळ केली. आठव्यात एकदाचं लिहिलं. त्या घरातलं कोणी असलं तर त्याच्या कानावर जाईल, जिनात वाचतात, बाजारात वाचतात. कोणीतरी दारात येईल आणि विचारील, हे तुला कसं माहीत?” दाराकडं बघून म्हणाले, “कोणी आलं नाही.”

मी, जी सभेत पाटलाला तोंडावर चोर म्हणते, ती त्यांची उशी नीट करू लागले. तेव्हाच सांगायला हवं होतं, की आला होता, माझ्याकडं आला होता. पण ते सांगायचं तर मी त्याला काय उत्तर दिलं तेही सांगावं लागलं असतं. मी मनाशी ठरवलं, आधी सुपडूला इथं आणून उभा करते, मग बोलते.

जिनं तेव्हा बंद झाली होती, हंगाम संपलेला. माणसं पांगलेली. बरीच विचारपूस करून सुपडू मला जामनेरच्या बाजारात सापडला, धान्याच्या पोत्यावर बसून भाकर खात. मी सगळं सांगितलं, माझी लबाडीसुद्धा. हात जोडले. म्हटलं, चल, म्हातारा थकलाय, तुझी वाट बघतोय. शिव्या द्यायच्या तर दे, पण चल. त्यानं भाकरीचा घास पुरा केला.

“ताई, तुमी म्हटलं छापनाराची चूक. मी गावाले जाऊन बापाले तेच सांगलं. आठवा भाग आयकला तवा त्याले वाटे, तो दिवस कोन्ही तरी पाहून लिहेल आहे. चूक होती म्हटल्यावर हासला. म्हने, बरं झालं, म्हंजे कोन्हीच पाह्यलं नव्हतं. तवापासून तो त्या गोष्टीवर बोलत नाही. आता काय सांगू त्याले? पुन्हा चूक झाली म्हनू?”

“तू तरी चल,” मी म्हटलं.

“मी अंगावर पेत होतो, ताई. मले काय आठवतं? ज्याचं होतं त्याच्यासाठी ते मिटलं.” आणि मग, अगदी साधेपणानं, “तुमच्या मामाले सांगा, आलो नाही म्हना.”

हेही मी सांगितलं नाही. त्यानंतर धुळ्याला दोनदा गेले. दोन्ही वेळा मामांनी जिनाची चौकशी केली, वाचतात का अजून, कोण कोण बसतं. मी म्हटलं, वाचतात. दुसऱ्या वेळी दारात पाऊल वाजलं तर त्यांनी उशीवरून मान उचलली. चाचा होते, काढा घेऊन आलेले. आपलं लिहिलेलं कोणाच्याही कानी गेलं नाही, असं समजूनच ते गेले. खरं माझ्या पोटात होतं आणि मी त्यांना काढा पाजत होते.

धुळ्याच्या शोकसभेत एका वक्त्यांनी आठव्या भागातला तो प्रसंग वाचून दाखवला. अर्थात माझ्या पट्टीसकट. ‘बुधाने नाव थांबविली व तिघांस पार नेले.’ टाळ्या पडल्या, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी उभी राहून मोठ्यानं म्हटलं, हे खोटं आहे, बुधानं नाव लोटली होती, पट्टी मी छापली. अध्यक्षांनी मान हलवून शेजारच्याला खूण केली, आणि दोन बायांनी मला धरून खाली बसवलं. “दुःखानं भान राहिलं नाही पोरीला,” एक म्हणाली, “मामाभाचीचं फार होतं.” मी करीमचाचांना म्हटलं, चाचा, नवीन शुद्धिपत्र काढू या, आधीचं शुद्धिपत्र रद्द समजावे असं. चाचांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. “बेटा, काढू. कौन चिपकाएगा?”

सभेनंतर मी मामांच्या खोलीत गेले. मालकांना खोली रिकामी हवी होती, कागदाच्या रिमा ठेवायला. एक ट्रंक, दोन धोतरं, शाईचे डाग पडलेली सतरंजी. स्वतःची प्रत कधीही जवळ न ठेवणाऱ्या माणसाच्या उशाखाली आठवा भाग होता. पान उघडलं. पट्टी तिथंही होती, मी जळगावात छापलेली पहिली, स्वस्त पिवळट कागदाची. कडा सारख्या कापून, सुरकुती न पडू देता त्यांनी ती स्वतःच्या हातानं चिकटवली होती, बरोबर त्या ओळींवर. मी नखानं कोपरा उचलून पाहिला. खळीबरोबर खालची अक्षरं सुटून यायला लागली, तेव्हा हात काढून घेतला. पट्टीच्या माथ्यावर मी घाईत चुकीचा पृष्ठांक छापला होता. पृष्ठ ११. प्रसंग बाराव्यावर आहे, हे मला आजवर कोणीच दाखवलं नव्हतं. मामांनी पेन्सिलीनं शेवटच्या आकड्यावर बारीक आडवी रेघ मारली होती आणि समासात, प्रुफावर लिहीत तसा, २ लिहिला होता. बाकीचा मजकूर त्यांनी तसाच राहू दिला होता.